फळी बदलली तरी चाल राहते

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला, समुद्राच्या कडेने, कोनी आयलंड नावाची वस्ती आहे. उन्हाळा लागला की शहरातला सामान्य माणूस मुलाबाळांसह तिकडे लोटतो. थंडी पडली की ती जत्रा आपोआप पांगते. त्या वस्तीत २६ जून १९२७ रोजी ‘सायक्लोन’ नावाचा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. २०२७ च्या जूनमध्ये त्याला शंभर वर्षे पुरी होतात. शंभरी अशी तोंडावर आलेली असताना, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्याची गाडी चढावरच अडली आणि उतारूंना रुळांकडेच्या पायवाटेने चालवत खाली आणावे लागले. गाडी वर ओढणाऱ्या साखळीच्या दातेरी चाकाला तडा गेला होता. खेळ थांबला, दुरुस्ती झाली आणि सप्टेंबरात तो पुन्हा सुरू झाला.

बातमी एवढीच. परंतु अशी बातमी आली की तिच्या मागोमाग एक वाद ठरलेला असतो. शंभर वर्षांच्या लाकडी खेळण्यावर माणसे बसवावीत कशाला, असे एक पक्ष म्हणतो. हा आमचा वारसा आहे, त्याला हात लावू नका, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे दोघांच्याही नजरेतून मुख्य गोष्ट निसटते. जुनी वस्तू मोडायची की जपायची, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. जपायचे म्हणजे तिच्यातले नेमके काय जपायचे, हे ठरवणे अवघड आहे.

संगीत शिकवणाऱ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे वडील दरबारच्या सेवेतल्या अखेरच्या फळीतले. संस्थान विलीन झाले तेव्हा ते पोरसवदा होते, आणि मी त्यांच्या उतारवयातले मूल. आश्रय देणारे गेल्यावर विद्या कशी तगते आणि कशी निसटते, हे मी घरात बसून पाहिले आहे. त्यामुळे दूर देशातली माणसे आपला लाकडी डोलारा कसा सांभाळतात, याविषयी मला कुतूहल आहे. शिवाय आपले हे शहर मेळ्याचे शहर आहे. माधव महाराजांनी १९०५ मध्ये घातलेला ग्वाल्हेरचा मेळा थंडीत भरतो, आणि आपल्यापैकी कित्येकांचे बालपण तेथल्या झूल्यांवर गेले आहे. तेव्हा हा प्रश्न अगदीच परका नव्हे.

प्रथम या खेळाची कुळकथा थोडक्यात सांगतो. रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, हिवाळ्यात लाकडी चौकटी उभारून त्यांवर पाणी ओतीत. पाणी गोठले की त्या बर्फाच्या उतारावरून लोक घसरत. म्हणजे हा खेळ जन्मापासूनच ऋतूशी बांधलेला. फ्रेंचांनी तो उचलला, चाके लावली आणि त्याला ‘रशियन डोंगर’ म्हटले. पॅरिसमध्ये १८१७ च्या सुमारास अशा बागा निघाल्या. गंमत अशी की आज रशियन माणूस त्याच खेळाला ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतो! अमेरिकेत त्याला रेल्वेचे रक्त मिळाले. पेनसिल्व्हेनियातील मॉच चंक येथे खाणीतला कोळसा उतारावरून आपोआप खाली आणणारा लोहमार्ग १८२७ मध्ये झाला होता. पुढे कोळशाची गरज सरल्यावर त्याच मार्गावर हौशी लोक पैसे मोजून बसू लागले. ते पाहून लामार्कस थॉम्पसन याने १८८४ मध्ये कोनी आयलंडवर पाच सेंट भाड्याची पहिली घसरगाडी घातली. तिचा वेग ताशी सहा मैल. आपला टांगाही त्याहून जोरात पळतो.

त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत हे डोलारे सगळ्या जगभर झाले. त्यांतला आज उभा असलेला सर्वांत जुना म्हणजे पेनसिल्व्हेनियातील अल्टूना येथला १९०२ चा ‘लीप-द-डिप्स’. पुढे मंदी आली, महायुद्ध आले, जमिनी महागल्या, दूरचित्रवाणी आली. बरेचसे पाडले गेले. उरले त्यांचीच ही चर्चा आहे.

आता ‘लाकडी’ या शब्दाकडे वळू. ऐकणाऱ्याला वाटते की सगळा डोलाराच लाकडाचा असला पाहिजे. तसे नाही. सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे. तरीही तो लाकडी म्हणवतो, कारण गाडी ज्यावरून धावते तो मार्ग लाकडी फळ्यांचे थर एकावर एक बसवून केलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर पोलादाची नुसती पातळ पट्टी असते. हे लाकूड भाराखाली किंचित दबते आणि परत येते. उन्हाने आकसते, दमट हवेने फुगते. सकाळी गाडी अंमळ संथ जाते, आणि दुपारनंतर वंगण तापले की वेग धरते. ज्यांनी कधी तंबोरा लावला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात जवारी बसते आणि हिवाळ्यात खुंट्या सुटतात, तसाच हा प्रकार.

या स्वभावामुळे लाकडी रोलर कोस्टरला रोजची शुश्रूषा लागते. सकाळी खेळ उघडण्यापूर्वी सुतार मंडळी सगळा मार्ग पायी चालून पाहतात. कोठे बोल्ट सैल, कोठे फळी चिरलेली, कोठे पट्टी उचललेली. हंगाम संपला की थंडीत मोठे काम निघते आणि मार्गाचा एकेक भाग उकलून नवा घालतात. याप्रमाणे तीस-चाळीस वर्षे लोटली म्हणजे धावमार्गात मूळचे लाकूड जवळपास उरत नाही.

मग शंभर वर्षांचे काय आहे? लाकूड नाही. खिळे नाहीत. पुष्कळदा गाडीचे डबेही नाहीत. शंभर वर्षांचा आहे तो चढउतारांचा क्रम, वळणांची जागा, आणि त्या वळणावर शिरतानाचा वेग. आमच्या भाषेत सांगायचे तर गवई बदलले, तंबोरे बदलले, बंदिश राहिली. बंदिश मात्र कोणीतरी गात राहिला तरच राहते.

येथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका शिष्येने मला मेलबर्नला बोलावले होते. तिकडच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव होता. दोन दिवस गाणे झाले आणि तिसऱ्या दिवशी ती मला सेंट किल्डाला घेऊन गेली. समुद्रकाठी लूना पार्क आहे. त्याचे प्रवेशद्वार म्हणजे एक भला थोरला हसरा चेहरा, आणि आपण त्याच्या तोंडातून आत शिरायचे. आतल्या बागेला कुंपणासारखा वेढा घालून सगळीकडून एक लाकडी मार्ग गेलेला आहे. हा ‘सीनिक रेल्वे’ १३ डिसेंबर १९१२ रोजी सुरू झाला, आणि अखंड चालत आलेल्यांमध्ये जगातला सर्वांत जुना म्हणून त्याचेच नाव घेतात. “गुरुजी, घट्ट धरून बसा हं,” एवढे म्हणून शिष्या माझ्या शेजारी बसली.

माझे लक्ष तिच्या सूचनेपेक्षा गाडीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या एका तरुणाकडे होते. आम्ही सगळे बसलेलो. तो एकटा उभा. त्याच्या हाताशी ब्रेकचा दांडा. नव्या रोलर कोस्टरमध्ये रुळाला खालून धरून ठेवणारी चाके असतात, त्यामुळे गाडी उचलली जात नाही. अमेरिकेतील जॉन मिलर याने १९१९ च्या सुमारास त्यांचे पेटंट घेतले. १९१२ च्या या मार्गाला ती नाहीत. गाडी केवळ आपल्या वजनाने रुळावर राहते, आणि म्हणून वेग हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे काम त्या उभ्या माणसाचे. गाडी भरलेली असेल तर ती जोरात उतरते. रिकामी असेल तर मागाहून ढकलावी की काय असे वाटते. वारा समुद्राकडून असेल तर एक, जमिनीकडून असेल तर दुसरे. फार दाबले तर पुढचा चढ चढायला बळ पुरत नाही. कमी दाबले तर वळण बोचते.

मी पाहत होतो. त्याचा हात उतारावर सैल होता आणि वळणाच्या अगोदर, आम्हाला काही कळायच्या आत, तो हळूच घट्ट होई. मोजमाप कोठे दिसले नाही. तबलजी समेच्या आधी जो एक श्वास घेतो, तशातला तो प्रकार होता. ही गोष्ट पुस्तकात लिहिता येते, परंतु पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच ती शिकावी लागते.

या ब्रेकवाल्याची गोष्ट पुढे नेली म्हणजे मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिच्या उत्तरेला बाकेन नावाची फार जुनी बाग आहे. तेथे १९३२ मध्ये वाल्डेमार लेबेक या रचनाकाराने एक लाकडी रोलर कोस्टर बांधला. त्याच्याच धर्तीवर, त्याच रचनाकाराच्या हातून, फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या लिनानमॅकी बागेत दुसरा झाला. तो १९५१ मध्ये सुरू झाला, आणि तोही तात्पुरता म्हणून. १९५२ चे ऑलिंपिक हेलसिंकीला होते, पाहुणे येतील, त्यांची करमणूक व्हावी, एवढाच हेतू. पाहुणे आले आणि गेले. तात्पुरता म्हणून बांधलेला तो डोलारा सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला आहे आणि त्या गावाची खूण होऊन बसला आहे.

म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी. २०१० च्या सुमारास थोरलीला नव्या गाड्या आल्या, आपोआप चालणारे ब्रेक आले आणि माणूस खाली उतरला. धाकटीने माणूस ठेवला. आज दोन्ही चालतात, दोन्हींवर लोक रांगा लावून बसतात. मग बिघडले काय? सुरक्षिततेच्या दृष्टीने काहीच बिघडले नाही. यंत्र थकत नाही आणि त्याचे लक्षही विचलित होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र थोरलीची प्रत्येक फेरी आता यंत्राने आखून दिलेली आहे. धाकटीवर सकाळची फेरी आणि रात्रीची फेरी, या ब्रेकवाल्याची आणि त्या ब्रेकवाल्याची, यांत फरक पडतो. आणखी एक गोष्ट आहे, ती अधिक व्यवहाराची. ज्या जागी माणूस लागतो, त्या जागी माणूस शिकवावा लागतो. आणि शिकवण्याची सवय मोडली नाही तर त्याबरोबर सुतार, लोहार, तपासनीस यांचीही परंपरा चालू राहते. यंत्र आले की ज्ञान कारखान्यात जाते, आणि कारखाना बंद पडला की ते तेथेच राहते.

दुसरा एक मार्ग अमेरिकेत निघाला आहे. जुना लाकडी सांगाडा ठेवायचा आणि वरचा लाकडी मार्ग काढून तेथे पोलादी मार्ग बसवायचा. टेक्ससमधल्या १९९० च्या ‘टेक्सस जायंट’ला २०११ मध्ये असे रूप दिले, आणि तेव्हापासून ही टूम वाढली आहे. मालकाच्या बाजूने पाहिले तर युक्तिवाद बिनतोड आहे: देखभाल कमी, वेग जास्त, हादरे नाहीत, आणि डोलारा पाडावा लागत नाही. जी रचना एरवी जमीनदोस्त झाली असती ती निदान उभी राहते. मी याला सरसकट नावे ठेवणार नाही. आमच्याकडे सारंगीच्या जागी पेटी आली तेव्हाही असेच झाले. पेटी शिकायला सोपी, लावायला नको, कोठेही न्या; तिने घरोघर गाणे पोहोचवले हे तिचे उपकार. पण तिच्यातून मींड निघत नाही, आणि पेटीवरच कान घडलेल्या मुलाला पुष्कळदा मींड कोठे गेली हेही कळत नाही. पोलादी मार्गावर लाकडाची ती लवचीक, खडखडती चाल राहात नाही. तेव्हा रूपांतर करणाऱ्याने करावे; परंतु जुन्या नावाची पाटी लावून ‘आम्ही वारसा जपला’ असे मात्र म्हणू नये.

आता पैशाचा प्रश्न. शंभर वर्षांचा लाकडी खेळ चालवणे हा किफायतीचा धंदा नव्हे. मग जे टिकले ते कोणाच्या हाती टिकले? सायक्लोन १९७१ पासून न्यूयॉर्क नगराच्या मालकीचा आहे. सत्तरीच्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाच्या वाढीसाठी तो पाडावा असे घाटत होते. लोकांनी ओरड केली, नगराने तो चालवायला भाड्याने दिला, पुढे १९८८ मध्ये नगराने आणि १९९१ मध्ये राष्ट्राने त्याला स्मारकाचा दर्जा दिला. हा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी तो चालता राहिला, मग स्मारक झाला. हेलसिंकीची बाग बालकल्याण संस्थांनी १९५० मध्ये उघडली, आणि तिचे उत्पन्न आजही मुलांच्या कामी जाते. अल्टूनाचा लीप-द-डिप्स १९८५ मध्ये बंद पडला होता. लोकांनी निधी जमवून १९९९ मध्ये तो फिरून उभा केला. वॉशिंग्टन राज्यातल्या प्युअॅलप येथे १९३५ चा लाकडी कोस्टर आहे. तो मेळ्याचे दिवस तेवढे धावतो आणि बाकी वर्षभर मुका उभा असतो. तो मेळा नफ्यासाठी चालवला जात नाही. कॅनडातल्या व्हँकूवरचा १९५८ चा डग्लस फर लाकडाचा कोस्टर नगराच्या मेळ्याच्या मैदानावर आहे.

खासगी मालकाच्या हाती सगळेच बुडते असे मात्र नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला एका घराण्याने १९२३ चा ‘बिग डिपर’ चालता ठेवला आहे. परंतु त्याच बागेतली १९५८ ची लाकडी ‘वाइल्ड माउस’ २०१७ मध्ये मालकांनी काढून टाकली, आणि चाहत्यांना नीट निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही. खासगी मालक रसिक असेल तर संस्थानिकासारखा सांभाळतो, आणि मन फिरले तर संस्थानिकासारखाच सोडून देतो. आम्हा दरबाराच्या आश्रयावर वाढलेल्या घरांना हे अपरिचित नाही.

आणि सरकारी दर्जाने तरी सगळे भागते काय? इंग्लंडमधल्याच मार्गेट गावाचे उदाहरण घ्या. तेथला ‘ड्रीमलँड’ बागेतला सीनिक रेल्वे १९२० चा. तो आणणारा जॉन हेन्री आइल्स हा मूळचा पितळी वाद्यांच्या बँडचा प्रवर्तक. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १९०० मध्ये बँडच्या राष्ट्रीय स्पर्धा त्यानेच सुरू केल्या. २००२ मध्ये त्या रोलर कोस्टरला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. दर्जा कागदावर राहिला. बाग बंद पडली आणि ७ एप्रिल २००८ रोजी आग लागून डोलाऱ्याचा एक मोठा भाग जळाला. २०११ मध्ये दर्जा आणखी वाढवण्यात आला. पण दर्जाने गाडी धावत नाही. गावकऱ्यांची चळवळ, नगरपालिकेने सक्तीने घेतलेला ताबा आणि सार्वजनिक पैसा, असे सगळे जुळून आले तेव्हा ऑक्टोबर २०१५ मध्ये ती पुन्हा धावली. आणि पुढल्याच वर्षी चालवणारी कंपनी आर्थिक अडचणीत आली. संरक्षणाचा दर्जा पाडणाऱ्याचा हात धरतो. चालवणाऱ्याला हात देणे त्याच्या कक्षेत येत नाही.

या सगळ्याच्या तळाशी आहे जमीन. हंगामी जत्रेचे मैदान वर्षातले आठ-दहा महिने रिकामे दिसते. शहर वाढत जाते, मैदान मधोमध येते, आणि मग ते रिकामे मैदान ज्याच्या त्याच्या डोळ्यांत भरू लागते. कोनी आयलंडवरच ‘थंडरबोल्ट’ नावाचा १९२५ चा दुसरा लाकडी कोस्टर होता. १९८२ पासून तो बंद होता. शेजारी बेसबॉलचे नवे मैदान होऊ घातले तेव्हा, २००० च्या नोव्हेंबरात, नगराने तो पाडला. एकच गाव आणि एकच नगर-सरकार. एकाला स्मारक म्हणून जपले आणि दुसऱ्याला पाडले. त्यांत मोठा फरक हाच की एक चालत होता आणि दुसरा अठरा वर्षे थांबला होता. थांबलेल्या वस्तूचा कैवार घेणारे थोडे असतात.

मैदानाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळे गोडगोड होईल. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध पेटल्यावर, अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना घरादारातून उठवले. प्युअॅलपच्या त्या मेळ्याच्या मैदानात सात हजारांहून अधिक माणसे लाकडी खोपट्यांत कोंडली होती. लाकडी कोस्टर तेथेच उभा होता, मुलांना तो दिसे. व्हँकूवरच्या मेळ्याच्या मैदानातही त्याच वर्षी कॅनडातल्या जपानी कुटुंबांना जनावरांच्या गोठ्यांतून ठेवले; १९५८ चा कोस्टर त्याच मैदानावर नंतर बांधला गेला. रिकामे मैदान सर्वांचे असते, म्हणूनच ते सत्तेच्या हाती सहज लागते. अशा जागेचा वारसा सांगायचा तर हेही सांगावे लागेल. खेळाचा आनंद यामुळे खोटा ठरत नाही. पण जपणूक म्हणजे नुसते रंगकाम नव्हे, एवढे यावरून कळावे.

आता आपल्या घरी येऊ. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी आपली छोटी गाडी बहुतेक वाचकांना आठवत असेल. दोन फुटी रूळ, सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता, खिडकीतून हात काढला तर बाभळीला लागेल अशी ती गाडी. माधव महाराजांच्या आगगाडीच्या हौसेतून ती वाढली आणि २०२० मध्ये थांबली. त्या मार्गावर आता मोठी रेल्वे येत आहे. मोठी गाडी श्योपूरच्या लोकांना हवी आहे, आणि त्यांच्या सोयीआड आपली हळहळ येता कामा नये. तरी आपण काय मागितले, हे आठवून पाहावे. इंजिन कोठेतरी चौथऱ्यावर ठेवा, एवढेच ना? चौथऱ्यावरचे इंजिन म्हणजे भिंतीवर टांगलेला, तारा उतरवलेला तंबोरा. ते पाहता येते, वाजत नाही. आणि दहा वर्षांत ते वाजवणारा माणूसही उरत नाही. दहा-पाच मैलांचा तुकडा चालता ठेवा, जुन्या चालकांकडून दोन तरुण तयार करून घ्या, असे कोणी मोठ्याने म्हटले असते तर निदान प्रश्न नीट मांडला गेला असता.

मेळ्यातही तसेच. मौत का कुआँ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या फळ्या उभ्या करून, पट्ट्यांनी आवळून, आत मोटारसायकल फिरेल असा गोल उभा करणे हे मोठे कसबाचे काम आहे. आपण मोटारसायकलवाल्याला टाळ्या देतो. फळ्या जोडणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. तो माणूस गावोगाव फिरतो, त्याची विद्या त्याच्या हातात आहे, आणि त्याचा मुलगा ती शिकतो आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. मेळा भरवणाऱ्यांनी दर हंगामात अशा कारागिरांची नोंद ठेवावी, त्यांना जागेच्या भाड्यात सवलत द्यावी, उभारणीचे चार दिवस शाळेच्या मुलांना दाखवावेत. याला फार पैसा लागत नाही. आणि मैदान मैदानच राहील याकडे आपण जुन्या रहिवाशांनी जागरूक राहावे. या मैदानामुळेच शतकाहून अधिक काळ दर थंडीत आपले शहर एके ठिकाणी जमत आले आहे.

संगीताविषयी मी मुद्दाम शेवटी बोलतो, कारण तेथे दोष आपलाच आहे. १९१८ मध्ये येथे माधव संगीत विद्यालय निघाले; भातखंडे यांनी बंदिशी लिहून ठेवल्या, त्यामुळे कित्येक वाचल्या. लिहून ठेवणे हा दर्जा देण्यासारखा प्रकार आहे. आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. माझे वडील म्हणत की वहीतली बंदिश झोपलेली असते, तिला उठवायला गळा लागतो. आपल्या घराघरांत पेट्यांत घडी घातलेल्या वह्या आहेत. आजोबा दरबारी गात असत हे आपण अभिमानाने सांगतो, आणि मुलांना शिकवणीला पाठवायची वेळ आली की परीक्षा आडवी येते. मार्गेटच्या लोकांनीही त्यांच्या डोलाऱ्याला दर्जा मिळाला तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला असेल. सहाच वर्षांत तो पेटला.

तेव्हा सायक्लोनच्या शंभरीचा विचार करताना माझ्या मनात येतो तो हिशेब साधा आहे. लाकूड बदलले तर बदलू द्यावे. चाक तडकले तर नवे बसवावे, त्यासाठी चार आठवडे खेळ बंद ठेवावा, त्यात कमीपणा नाही. सुरक्षिततेत तडजोड करून परंपरा राखण्यात अर्थ नाही. मात्र दर हंगामाला गाडी धावली पाहिजे, तिच्याजवळ जाणता माणूस उभा असला पाहिजे, आणि त्याच्या शेजारी त्याच्याकडून शिकणारा एक तरुण असला पाहिजे. या तीन गोष्टी असतील तर वस्तू जिवंत आहे. या तिन्हींपैकी पहिली आपल्याकडे अजून आहे. मेळा भरतो आणि गाणेही होते. दुसरी झपाट्याने कमी होत आहे. तिसरीसाठी या थंडीत कोणत्या घरातून कोण मूल बाहेर पडते, ते पाहायचे.